घरच्या बिअरची भट्टी: आधी हिशेब, मग भांडी

घरी बिअर करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी पातेलं घेतात. चकचकीत स्टीलचं, खाली तोटी असलेलं, दिसायला देखणं. पाच गॅलन बिअर करायची म्हणून पाच गॅलनचं पातेलं. मग पहिल्याच उकळीला फेस काठावरून उतू जातो, तासाभरात पाणी आटतं, तळाशी हॉप्सचा, म्हणजे कडवटपणासाठी घालायच्या फुलांचा, चिखल राहतो आणि हातात जेमतेम साडेतीन गॅलन उरते. धान्यापासून बिअर करायची मांडणी उलट्या दिशेने करावी लागते. बाटल्यांत शेवटी किती हवं ते आधी ठरवायचं, आणि तिथून मागे येत येत पातेलं, शेगडी, नळ्या ठरवायच्या.

हा लेख मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी आहे, त्याचं कारण कायद्यात आहे. तिथली दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला ऑक्टोबर १९७८ उजाडला. जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यानुसार घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर करता येते. ती घरापुरती, विकायची नाही. राज्यांचे नियम त्याच्या वर वेगळे असतात. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ मध्ये वाटेवर आली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि स्वतःपुरतं का असेना. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे सगळं उष्णता, पाणी आणि धान्य यांची गोष्ट म्हणूनच वाचावं.

धान्यात काय घडतं

घरी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. बार्लीचं माल्ट म्हणजे हेच काम कारखान्यात, मोजून-मापून केलेलं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. साठवलेल्या स्टार्चची साखर करून कोंबाला खाऊ घालणं हे त्यांचं काम. कोंब फार वाढायच्या आत गरम हवेने दाणा वाळवतात, आणि ते एन्झाइम जागच्या जागी थांबतात. आपण दुकानातून आणतो ते हे थांबलेलं धान्य. ते भरडून योग्य तापमानाच्या पाण्यात भिजवलं की काम पुन्हा सुरू होतं. या भिजवण्याला मॅश म्हणतात, आणि त्यातून निथळणाऱ्या गोड पाण्याला वर्ट.

डब्यातला माल्टचा पाक वापरणाऱ्यांसाठी हे काम कारखान्याने आधीच केलेलं असतं. ऑल-ग्रेन म्हणजे ते स्वतः करणं. त्यासाठी जास्तीची भांडी लागतात, आणि बदल्यात मॅशचं तापमान आपल्या हातात येतं. इथे दोन एन्झाइमचा खेळ असतो. बीटा-अमायलेजला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं आणि ते यीस्टला, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या खमिराला, सहज पचणारी साखर बनवतं. अल्फा-अमायलेजला त्याहून गरम, ७० च्या आसपास आवडतं. ते स्टार्च जसं जमेल तसं तोडतं आणि यीस्टला न पचणारे तुकडेही मागे ठेवतं. ६४ अंशांवर तासभर ठेवलेल्या मॅशची बिअर हलकी, कोरडी होते. ६९ वर ठेवली तर अंगाने भरलेली, किंचित गोडसर. बहुतेक जण ६६-६७ वर थांबतात. म्हणजे सगळा फरक चार-पाच अंशांत आहे. त्यामुळे तासभर तापमान धरून ठेवणारं भांडं आणि भरवशाचा थर्मामीटर या दोन गोष्टींत काटकसर करू नये. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, एवढं तरी तपासावं.

पाण्याचा हिशेब

समजा, आंबवायच्या बादलीत १९ लिटर, म्हणजे पाच गॅलन वर्ट हवं आहे. तिथून मागे चला.

उकळल्यानंतर पातेल्याच्या तळाशी हॉप्स आणि गोठलेल्या प्रथिनांचा गाळ बसतो. त्यात साधारण दीड लिटर अडकतं. तासभर खळखळ उकळताना चार लिटर वाफ होऊन जातं. म्हणजे उकळीच्या सुरुवातीला पातेल्यात साडेचोवीस लिटर हवं. मध्यम ताकदीच्या बिअरला साडेचार किलो माल्ट लागतं, आणि ते किलोला एक लिटर या हिशेबाने साडेचार लिटर पाणी पिऊन बसतं. मॅशच्या भांड्यात तोटीच्या खाली एखादा लिटर न निघणारा राहतो. सगळं मिळून तीस लिटर पाणी. १९ लिटरसाठी ३० लिटर हे प्रमाण पहिल्यांदा ऐकताना उधळपट्टी वाटते, पण यातला एकही थेंब वाचवता येत नाही.

साडेचार किलो कुठून आले? चांगल्या बेस, म्हणजे मुख्य, माल्टमधून, प्रयोगशाळेत सगळा अंश काढला तर, किलोमागे लिटरला सुमारे ३०० ‘पॉइंट’ मिळतात (पाण्याची घनता १.०००; तिच्यावर एक सहस्रांश म्हणजे एक पॉइंट). घरच्या मांडणीत सत्तर टक्के पकडा. साडेचार गुणिले ३०० गुणिले ०.७ म्हणजे ९४५. त्याला १९ ने भागलं की ५० च्या जवळ येतं. वर्टची घनता म्हणजे १.०५०. यीस्टने काम संपवल्यावर ती १.०११ पर्यंत उतरली, तर दोन्हींतला फरक गुणिले १३१ हे सूत्र वापरून सुमारे ५.१ टक्के अल्कोहोल येतं. हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती नळी एवढं सगळं सांगते, आणि तिची किंमत किरकोळ असते.

आता तीस लिटर एकदम घालायचं की दोनदा? नेहमीच्या पद्धतीत किलोला तीन लिटर, म्हणजे साडेतेरा लिटर पाणी मॅशसाठी घेतात. तासाभराने त्यातून आठ लिटर निथळतं. मग उरलेलं साडेसोळा लिटर गरम पाणी धान्यावर घालून, ढवळून, पुन्हा निथळतात. या धुण्याला स्पार्ज म्हणतात. आठ आणि साडेसोळा, झालं साडेचोवीस. स्पार्जचं पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नये, नाहीतर टरफलांतला तुरटपणा वर्टमध्ये उतरतो.

मॅशचं पाणी किती गरम घ्यायचं, याचंही सूत्र आहे. धान्य खोलीच्या तापमानाचं असतं आणि पाण्याला थंड करतं. हवं असलेलं तापमान वजा धान्याचं तापमान, गुणिले ०.४१, भागिले किलोमागे पाण्याचे लिटर. जे येईल ते हव्या असलेल्या तापमानात मिळवायचं. धान्य २० अंशांचं, मॅश ६७ चा, पाणी किलोला तीन लिटर. म्हणजे ४७ गुणिले ०.४१ भागिले ३, जवळपास साडेसहा. पाणी साडेत्र्याहत्तर अंशांचं हवं. भांडं थंड असेल तर ते स्वतःही एक-दोन अंश खातं, म्हणून आधी गरम पाण्याने विसळून घ्यावं.

पिशवी, कूलर की तीन पातेली

मांडणीचे तीन रस्ते आहेत आणि माझं मत सरळ आहे: पहिल्यापासून सुरुवात करा.

पहिला रस्ता पिशवीचा. बारीक जाळीची पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची मोठी पिशवी पातेल्यात पसरायची, तिच्यात धान्य घालायचं, तासाभराने पिशवी उचलून निथळू द्यायची आणि त्याच पातेल्यात उकळी आणायची. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली. सगळं पाणी एकदम घालायचं, स्पार्ज नाही, दुसरं भांडं नाही. वरच्या हिशेबात पाणी आणि धान्य मिळून जागा ३२ लिटरची लागते, म्हणून दहा गॅलनचं, म्हणजे ३८ लिटरचं पातेलं घ्यावं. ओली पिशवी नऊ-दहा किलोची होते. ती हाताने धरून उभं राहण्यापेक्षा वर एक हूक आणि कप्पी लावलेली बरी. तापमान धरायला पातेल्याभोवती जुनी गोधडी किंवा झोपायची पिशवी गुंडाळावी, मात्र खालची आच बंद केल्यावरच.

दुसरा रस्ता कूलरचा. बांधकामाच्या जागेवर कामगारांना पाणी द्यायला जे गोल, नारिंगी, दहा गॅलनचे कूलर ठेवतात, तेच. त्यांच्या भिंतीत फोम असतो, त्यामुळे तासाभरात तापमान एखाद-दोन अंशच उतरतं. त्याची प्लास्टिकची तोटी काढायची आणि त्याच भोकातून स्टीलचा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला नळीचा तुकडा, घालून बाहेरच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. दोन्हीकडे सिलिकॉनचे वॉशर, आट्यांवर टेफ्लॉन टेप. आतल्या बाजूला गाळणी लागते. भोकाभोकांची स्टीलची गोल तबकडी मिळते, तिला फॉल्स बॉटम म्हणतात. स्वस्तातला उपाय म्हणजे बेसिनखाली पाणी जोडायला वापरतात ती स्टीलच्या विणीची नळी: आतला प्लास्टिकचा पाइप काढून टाकायचा, नुसती वीण ठेवायची, एक टोक दुमडून बंद करायचं. दिसायला जुगाड, पण काम चोख करते. खरं तर गाळतं ते धान्याचं टरफलच. गाळणीचं काम टरफलांना अडवून धरण्यापुरतं.

म्हणूनच भरडण्याला महत्त्व आहे. दाणा फुटायला हवा, पण टरफल शक्यतो अखंड राहायला हवं. दोन रुळांच्या चक्कीत रुळांमधलं अंतर साधारण एक मिलिमीटर ठेवतात. मिक्सरमध्ये पीठ केलंत तर तोटीतून थेंबही येणार नाही, चिखल बसेल. पिशवीच्या पद्धतीत थोडं बारीक चालतं, हाही तिचा फायदा. गव्हाची बिअर करताना, गव्हाला टरफल नसल्यामुळे, मूठ-दोन मुठी भाताचं तूस मिसळतात. दुकानातून भरडून आणणार असाल तर सुरुवातीला चक्की घेऊच नका.

तिसरा रस्ता तीन पातेल्यांचा: एकात गरम पाणी, दुसऱ्यात मॅश, तिसऱ्यात उकळी. ती पायऱ्यांसारखी एकाखाली एक ठेवली तर पाणी आपोआप उतरतं, पण वरच्या पातेल्यात पाणी चढवायला शिडी लागते, आणि डोक्याच्या उंचीवर पंधरा-वीस लिटर कढत पाणी असणं मला कधीच पटलेलं नाही. सगळी एका पातळीवर ठेवायची तर पंप हवा. घरगुती पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून ते पातेल्याच्या तोटीखाली बसवावे लागतात. नळ्या उच्च तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनच्या घ्याव्यात. साधी पारदर्शक व्हिनाइलची नळी कढत वर्टमध्ये मऊ पडते आणि फिटिंगवरून निसटते. बिअरचा रिकामा केग वरून कापून पातेलं करणारेही पुष्कळ आहेत. साडेपंधरा गॅलनचा तो केग उत्तम पातेलं होतो, फक्त तो रीतसर विकत घेतलेला असावा. दुकानात भरलेली अनामत रक्कम म्हणजे त्याची किंमत नव्हे. केग ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो.

शेगडीचं गणित कोणी सांगत नाही

पाणी तापवणं वेगळं आणि उकळत ठेवणं वेगळं. तासाला चार लिटर पाण्याची वाफ करायची तर त्यासाठीच सुमारे अडीच किलोवॅट लागतात. अमेरिकेतल्या साध्या भिंतीच्या प्लगला १२० व्होल्टवर १५ अँपिअर मिळतात, आणि सलग वापरासाठी त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे १४४० वॅट. भिंतीतून उष्णता जराही वाया गेली नाही असं धरलं तरी तेवढ्यात तासाला सव्वादोन लिटरच वाफ होईल. म्हणजे साध्या प्लगवर पाच गॅलनची जोरदार उकळी येतच नाही. कोणत्याही कंपनीची शेगडी आणा, गणित तेच.

मग पर्याय काय? अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर अडीच गॅलनचा घाणा करा. वरचे सगळे आकडे निम्मे करा, स्वयंपाकघरातला गॅस पुरतो. घर स्वतःचं असेल तर अंगणात प्रोपेनची शेगडी. ती गॅरेजमध्ये दार लावून कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तिसरा मार्ग विजेचा: कपडे वाळवायच्या यंत्राची जोडणी २४० व्होल्ट, ३० अँपिअरची असते आणि तिच्यावर ५५०० वॅटचं एलिमेंट नीट चालतं. साडेचोवीस लिटर वर्ट ६७ अंशांवरून उकळीला न्यायला त्याला दहा-अकरा मिनिटं लागतात. १४४० वॅटला तेच चाळीस मिनिटं. पण पाणी, स्टील, ओली जमीन आणि २४० व्होल्ट एकत्र येतात तिथे गळती होताच वीज तोडणारा जीएफसीआय ब्रेकर हवाच, आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. बाकी मांडणीत जुगाड चालतो, इथे नाही.

उकळी जोरदार का हवी? एक तर हॉप्समधली अल्फा आम्लं तासभराच्या उकळीत बदलतात तेव्हाच कडवटपणा येतो. दुसरं म्हणजे फिकट माल्टमधून डायमिथिल सल्फाइड नावाचं सहज उडून जाणारं रसायन तयार होतं. ते वाफेबरोबर जावं लागतं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. म्हणून झाकण ठेवून उकळायचं नाही.

उकळी संपली की वीस लिटर कढत वर्ट २० अंशांपर्यंत उतरवायचं. यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं सगळ्यात सोपं: ३/८ इंची, पन्नास फूट, एखाद्या डब्याभोवती हळूहळू गुंडाळलेली. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते वर्टमध्ये बुडवलं की तिथेच निर्जंतुक होतं. मग त्यातून नळाचं पाणी सोडायचं आणि वर्ट हलवत राहायचं. सुरुवातीला बाहेर पडणारं पाणी चांगलंच कढत असतं, ते बादलीत धरा, भांडी धुवायला उपयोगी पडतं. उन्हाळ्यात टेक्सस किंवा ॲरिझोनात नळाचं पाणीच कोमट येतं. तिथे तीस अंशांपर्यंत नळाने आणून पुढे बर्फाचं पाणी छोट्या पंपाने फिरवावं लागतं.

स्वच्छतेचा नियम एका वाक्यात मावतो: उकळीच्या आधी ज्याला वर्ट लागतं ते स्वच्छ असलं की पुरे, उकळीनंतर ज्याला लागतं ते निर्जंतुक हवं. १९ लिटर पाण्यात तीस मिलिलिटर स्टार सॅन नावाचं जंतुनाशक घातलं की काम भागतं, आणि नंतर धुवावंही लागत नाही. फेसाला घाबरू नका. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनची मात्र दखल घ्यावी; त्यामुळे बिअरला औषधी पट्टीसारखा वास येतो. आपल्या तीस लिटरला कॅम्पडनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून टाकली की प्रश्न मिटतो.

पैसे खरे कुठे घालावेत

माझ्या मते पंपावर किंवा चकचकीत पातेल्यावर नाही, तर जुन्या फ्रिजवर. एल जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. आंबताना वर्ट स्वतःच गरम होतं, खोलीपेक्षा काही अंश वर चढतं. खोली २३ अंशांवर असेल तर बादलीच्या आत सहज २६-२७ होतात, आणि मग यीस्ट फळांचे, सॉल्व्हंटचे वास सोडतं. सगळं मॅश, सगळा हिशेब त्या दोन दिवसांत वाया जातो. वापरलेला फ्रिज, त्याच्या वायरमध्ये लावायचा तापमान-नियंत्रक आणि बादलीच्या बाहेर चिकटवलेला सेन्सर एवढ्याने हे थांबतं. पिशवीची मांडणी आणि असा फ्रिज असलेला माणूस तीन पातेली, दोन पंप आणि उघड्या गॅरेजमधली बादली असलेल्या माणसापेक्षा चांगली बिअर करतो, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, करायची तर १० ते १२ अंश धरावे लागतात. तिथे फ्रिजला पर्यायच नाही.

बादली २५ लिटरची घ्या. फेसाला वर जागा लागते. यीस्ट घालण्याआधी, वर्ट थंड झाल्यावर, ते जोराने हलवून त्यात हवा मिसळा. यीस्टला सुरुवातीच्या वाढीसाठी ऑक्सिजन हवा असतो. त्यानंतर मात्र हवेपासून जपा. हायड्रोमीटरचा आकडा काही दिवस जागचा हलला नाही, तरच बाटल्या भरा. बाटलीत फसफस यायला १९ लिटरला सुमारे ११५ ग्रॅम मक्याची साखर पुरते आणि बारा औंसाच्या पन्नासेक बाटल्या भरतात. काम अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते, काचेसकट.

आणि धान्य आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस नुसत्या पाण्यावर घालवा. लाकडी पळीवर लिटर-लिटरच्या खुणा करून घ्या. कूलरमध्ये ६७ अंशांचं पाणी भरून तासाभराने पुन्हा मोजा. तोटी उघडून किती पाणी मागे राहतं ते बघा. पातेल्यात साडेचोवीस लिटर घेऊन तासभर उकळा आणि किती उरलं ते पळीने मोजा. गळती कुठे होते तेही याच वेळी कळेल. कोरड्या ॲरिझोनात वाफ होईल तेवढी दमट फ्लोरिडात होणार नाही, आणि रुंद पातेल्यात उंच पातेल्यापेक्षा जास्त होईल. मी वर धरलेले चार लिटर, एक लिटर हे आकडे खोडून तिथे तुमचे लिहा, आणि मग साडेचार किलो माल्टची ऑर्डर द्या.